देवराई लाल का दिसली

चैत्राच्या यात्रेला वाघजाईच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. वडिवळे धरणाच्या मागच्या डोंगरात आमची शिळवाडी. एरवी इथे एसटीसुद्धा तिच्या मनात आलं तर येते. पण त्या दिवशी कामशेतहून, उर्स्याहून, पार सुदुंबऱ्याहून टेम्पो भरभरून माणसं आली होती. दिव्यदृष्टी महाराज देवीचा कोप प्रत्यक्ष दाखवणार होते.

महाराजांनी झांजा थांबवल्या आणि स्टेजवरचा पडदा ओढला. मागे फ्लेक्सवर आकाशातून काढलेले दोन भलेमोठे फोटो. डावीकडे आमची देवराई हिरवीगार. उजवीकडे तीच देवराई, तोच आकार, कडेची तीच पायवाट, पण शेंदराहून लाल. भोवतीचा डोंगर राखेसारखा आणि मधोमध तो लाल गोळा. बायकांनी तोंडाला पदर लावले. गावच्या येसूबाईंच्या अंगात आलं, त्यांच्यामागून आणखी दोघीतिघींच्या.

"डावा फोटो आधीचा, उजवा आत्ताचा," महाराज म्हणाले. "उपग्रहानं काढलाय, माउली. माणूस खोटं बोलेल, उपग्रहाला खोटं बोलून काय मिळायचंय?"

मग त्यांनी सगळा उलगडा केला. देवी राईतून उठली आहे आणि जाताना आपला कोप झाडांत ठेवून गेली आहे. पानापानांत रक्त आहे, पण ते चर्मचक्षूंना दिसत नाही. वरच्या डोळ्याला दिसलं. आता देवीला खाली रस्त्याकडेला संगमरवरी मंदिरात बसवायचं आणि राई 'मोकळी' करायची. तोडायची हा शब्द काही त्यांनी तोंडातून काढला नाही. मोकळ्या झालेल्या, धरण दिसणाऱ्या जागेवर पुढे काय होणार, हेही सांगितलं नाही. लोणावळ्याकडच्या बंगलेवाल्यांच्या गाड्या बरेच दिवस राईभोवती घिरट्या घालत होत्या, त्या मात्र सगळ्यांनी चर्मचक्षूंनीच पाहिल्या होत्या.

मी कामशेतला हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि राहतो शिळवाडीत. हे महाराज मला लग्नाचे फोटो काढत हिंडायचे तेव्हापासून माहीत आहेत. रुसून गेलेल्या पाहुण्याला अल्बममधून छाटून टाकण्यात त्यांचा हात धरणारा मावळात कोणी नव्हता.

देवराई म्हणजे काय ते परगावच्या वाचकांसाठी सांगतो. देवीच्या नावानं सोडलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. काही हलवायचं तर आधी देवीला कौल लावायचा. या धाकावर जांभूळ, अंजनी, आंबा आणि मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल पिढ्यान् पिढ्या टिकले. राईच्या पायथ्याला एक झरा. वरच्या ठाकरवाडीचं सगळं पाणी त्याचं. यात्रा पांगली तेव्हा ठाकरवाडीच्या सावित्राबाई कळशी घेऊन माझ्या दारात आल्या.

"गुरुजी, राई तोडली तर झरा ऱ्हाईल का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही राहणार. त्या म्हणाल्या, मग तुमी बोला, आमचं कोन ऐकतंय. दुसऱ्या दिवशी राईचं ठरवायला देवस्थानाची सभा होती. मी रेणुकाला फोन लावला.

रेणुका पुण्याची संशोधक. हिवाळाभर ती राईत तिपाईवर लेझरचं यंत्र लावून बसायची. यंत्राचं डोकं फिरायचं, त्यातून निघालेला किरण पानाखोडांवर आपटून परत यायचा आणि त्यावरून झाडाची उंची, जाडी, ठेवण संगणकात उतरायची. गावानं त्याला 'देवीचा एक्स-रे' म्हटलं होतं. काम संपल्यावर भल्या मनानं तिनं राईचे उपग्रहातून घेतलेले फोटो छापून देवस्थानाला भेट दिले होते. फ्लेक्सवर होते ते तेच.

फ्लेक्सचं सगळं ऐकून ती म्हणाली, "सर, ते दोन्ही फोटो एकाच दिवसाचे आहेत. एकाच क्षणाचे."

सभेला ती मूळ चित्रं घेऊन आली. कोपऱ्यात तारीख होती, दोन्हींवर तीच. ती खालची पट्टी महाराजांनी छाटली होती. रेणुकानं खिशातून टीव्हीचा रिमोट काढून आमचे थोरले पुजारी कोंडाजी आबा यांच्यासमोर धरला आणि बटण दाबून विचारलं, पुढचा दिवा लागलेला दिसतो का? आबा म्हणाले, न्हाई. मग तोच रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून दाखवला. दिवा जांभळट पांढरा लुकलुकत होता. हातोहात मोबाईल सगळ्या सभेत फिरला.

"हा उजेड आहे, पण आपल्या डोळ्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "सूर्याच्या उन्हातही तसा उजेड असतो. झाडाचं पान जितकं ताजं, जितकं निरोगी, तितका तो उजेड ते जास्त परत फेकतं. उपग्रहाचा कॅमेरा तो टिपतो. पण न दिसणारा उजेड आपल्याला दाखवायचा कसा? म्हणून संगणक त्याला लाल रंग देतो. आमच्या कामातली ती रीत आहे. लाल म्हणजे जिवंत, आबा. सगळा डोंगर उन्हाळ्यानं वाळलाय, म्हणून एकटी राई लाल दिसते."

मग तिनं अख्खं चित्र उलगडलं, महाराजांनी कडेनं छाटलेल्या भागासकट. धरणाखालचा ऊस लाल. भुईमूग लाल. सरपंचांच्या दारातला वडसुद्धा लाल. फक्त पत्र्याच्या शेडी, डांबर आणि वणव्यानं जळालेला माळ करडा. मी उठून विचारलं, देवी सरपंचांच्या वडावरही कोपली काय? सभेत हशा पिकला. महाराजांच्या चेहऱ्यावरचं तेज पहिल्यांदा कमी झालं आणि मला, कबूल करतो, फार बरं वाटलं. वाटलं, जिंकलो.

हशा ओसरल्यावर कोंडाजी आबा सावकाश बोलायला लागले. "पोरीनं सांगितलं ते पटलं, गुरुजी. लाल म्हंजी जितं, व्हय. पन आता एकदा कोपाचं नाव निघालंय. उद्या माज्या घरात कुनाला काय झालं, तर तुमचा रिमोट येनार हाय का?"

यावर प्रयोग करून दाखवण्यासारखं काही नव्हतं माझ्याकडे. आबा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर पटलं होतं आणि त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि त्या दोन गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदत होत्या. शेवटी, देवीला खाली न्यायचं का आणि राई मोकळी करायची का, याचा कौल लावायचं ठरलं.

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार. महाराजांनी मोठी समई आणवली आणि देवीच्या उजव्या अंगाला ठेवली. डावीकडे काही नाही. धगीनं कुठलं पाणी आधी सुकणार हे माझ्या सातवीच्या पोरांना येतं. मी ते मोठ्यानं सांगितलंही, पण ढोल सुरू झाले होते. उजवी पाकळी पडली. देवीचा होकार आल्यावर ज्या माणसांनी जन्मात राईतली काटकी उचलली नव्हती, त्यांनीच करवती धरल्या. देवी खाली गेली म्हटल्यावर वर राहिली ती नुसती झाडं.

मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. धोकादायक झाडं काढली, परवानगी होती, असं उत्तर मिळालं. बुटकी अंजनी धोकादायक कशी, हे कोणी सांगितलं नाही. पावसाळा येऊन गेला, राईतली उघडी माती ओढ्याला लागली. दिवाळी सरली तसा झरा आटला. रेणुकाच्या संगणकात ती राई अजून आहे, झाडन् झाड, कोट्यवधी ठिपक्यांची. तिनं पडद्यावर ती फिरवून मला दाखवली. अगदी अचूक होती. मला त्या राईकडे बघवलं नाही.

तक्रारीला पुरावा म्हणून रेणुकानं उन्हाळ्यात नवा उपग्रह फोटो पाठवला. राईच्या जागी करडा तुकडा, कणभर लाल नाही. मी तो छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला, खाली मोठ्या अक्षरांत अर्थही लिहिला. आठवड्यात तो संगमरवरी मंदिरात पोचला, अर्थ लिहिलेला भाग छाटून. महाराजांनी त्याला हार घातला आणि भक्तांना सांगितलं, "बघा, रक्त गेलं. आई शांत झाली." लोकांनी नारळ वाढवले. आमचा पुरावाच त्यांचा चमत्कार ठरला होता.

वाचकहो, कोणी आकाशातलं चित्र दाखवून तुम्हाला घाबरवू लागला, तर ते कुठल्या दिवसाचं आहे ते विचारा. त्यातला रंग कोणी दिला आणि कडेचं काय छाटलं, तेही विचारा. आणि कोपाचं नाव निघायच्या आधी विचारा. आम्ही सभेत विचारलं, तोवर उशीर झाला होता.

परवा सावित्राबाई रस्त्यावर टँकरची वाट पाहत बसलेल्या दिसल्या. सोबत रिकाम्या कळश्या होत्या. काय बोलावं ते न सुचून मी पुन्हा तेच सांगत बसलो की ते लाल म्हणजे रक्त नव्हतं, तो झाडांचा जीव होता.

"ते मला ठावं हुतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मी रोज तितलंच पानी पीत हुते. ते म्हनले देवी कोपली, तुमी म्हनले कोप न्हाई. झाडं तोडू नका, आमाला पानी लागतंय, आसं सभेत कुनीच म्हनलं न्हाई."

टँकर आला. त्या उठल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.