स्लॅबचे तीन दिवस

तुरियाने मांडीवरचे पाकीट उलटे केले, लाखेचे ठसे पुन्हा एकदा तपासले आणि ते कोटाखाली झाकले. समोरच्या टेबलावर लाकडी पेटी होती. तिच्यात तीन निविदा पडल्या होत्या. उरलेल्या खोलीतच कुणाकुणाच्या मांडीवर असणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. पाकीट शेवटच्या क्षणापर्यंत हातात धरून बसायचे, म्हणजे स्पर्धेत कोण आहे ते कळत नाही. रस्ते खात्याच्या निविदांना सगळे तसेच करत.

खिंडीत बर्फ पडले होते. मेकनेसहून इथवर येताना तिचे बूट ओले झाले होते आणि खोलीतला हीटर अध्यक्षांच्या पायाशी होता.

"पुलासाठी आलात, की हवापालटाला?" शेजारच्या खुर्चीवरून सी फौझीने विचारले. कासाब्लांकातल्या मोठ्या कंपनीचा हा माणूस, ज्याला सगळे आदराने 'सी' म्हणत, प्रत्येक निविदेला भेटायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा.

"हवापालटाला. तुम्ही?"

"मी सफरचंदं घ्यायला." तो हसला, मग जरा कलून बोलला. "खरं सांगू? हा पूल म्हणजे डोक्याला ताप आहे. सप्टेंबरच्या पुराआधी स्लॅब पडलाच पाहिजे, आणि ऐन हंगामात ईद. मेंढा कापायला घरी गेलेला गडी पंधरा दिवस तरी परत येतो का? मी सरळ तेवढी मुदत वाढवून मागितलीय."

"ईद ऑगस्टच्या शेवटी आहे ना?"

"ती झाली गेल्या वर्षी, बाई! यंदा बारा तारखेच्या आसपास. तुमच्या घरी मेंढा कोण आणतं? शेजारी?"

तुरिया हसली नाही. चंद्राचे वर्ष अकरा दिवसांनी लहान असते, हे तिला शाळेत जाण्याआधीपासून माहीत होते; थंडीतला रमजान सरकत सरकत उन्हाळ्यात आलेला तिने उपाशी पोटी अनुभवला होता. पण वेळापत्रकाचा सांगाडा तिने गेल्या वर्षीच्या निविदेतून उचलला होता आणि सुट्टीचा आठवडा त्याच्याबरोबर आला होता, जिथे होता तिथेच बसून राहिला होता. ती भूगर्भशास्त्र शिकलेली. खांबांखालचा खडक तिने स्वतः जाऊन पाहिला होता, पाण्याचा वेग तीनदा मोजला होता. सुट्टीकडे मात्र तिने पाहिलेच नव्हते.

आता तिने मनात तारखा मांडल्या. पुलाचा स्लॅब तीन दिवस आणि तीन रात्री न थांबता ओतायचा होता. मध्ये थांबले की तिथे काँक्रीटला कच्चा सांधा राहतो. ते तीन दिवस नेमके ईदवर आले होते.

"आणखी कुणाचं पाकीट?" अध्यक्षांनी विचारले.

खोलीच्या मागच्या बाजूचा एक जण उठला, पाकीट टाकून आला.

सकाळी निघताना कंपनीचे मालक हाज झरहूनी गाडीच्या खिडकीशी वाकून बोलले होते. "हेही काम गेलं तर मार्चमध्ये यार्ड बंद करावं लागेल, तुरिया. चाळीस माणसं आहेत. त्यांच्यासमोर उभं राहायची वेळ माझ्यावर आणू नकोस." यंदाच्या दोन निविदा आधीच गेल्या होत्या, आणि दोन्ही तिनेच लिहिलेल्या होत्या.

"शेवटचं विचारतोय," अध्यक्ष म्हणाले.

ती उठली. पेटीच्या फटीत पाकीट एकदम गेले नाही; तिला ते तिरके करून दाबावे लागले.

"वा, काय हवापालट!" फौझी पुटपुटला.

जास्तीत जास्त काय होईल, परत जाताना ती स्वतःला सांगत राहिली. समितीत बसलेली माणसेही ईद करणारीच. वेळापत्रक पाहून हसतील, गुण कापतील. घाटातल्या प्रत्येक वळणावर तिला ती माणसे हसताना दिसत होती.

निकाल आला त्या दिवशी हाजनी स्वतः चहा ओतला, किटली खांद्याएवढी उंच धरून.

"सी फौझीचा दर आपल्यापेक्षा कमी होता, माहितेय?" ते म्हणाले. "तरी आपण पुढे. सगळ्यांनी ईदसाठी वाढीव दिवस मागितले, आपण एकट्यांनी नाही. पुराआधी पूल पूर्ण करणारे आपणच. काय छाती आहे गं तुझी! मला विचारलंसुद्धा नाहीस."

"हाज, ते मी ठरवून लिहिलं नव्हतं."

त्यांचा हात थांबला. चहा पेल्याच्या काठापर्यंत आला होता.

तिने सगळे सांगितले. हाजनी किटली खाली ठेवली.

"लेखी हमी मागितलीय रस्ते खात्यानं," ते म्हणाले. "की ईदमध्येही काम थांबणार नाही. नाही म्हटलं तर दुसऱ्या नंबरला जाईल." त्यांनी पेला तिच्याकडे सरकवला. "दा मोहाशी बोल. तो हो म्हणाला तर मी सही करतो. मी त्याला विचारू शकत नाही."

मोहा मुकादम यार्डात मिक्सरच्या पिंपातले वाळलेले काँक्रीट छिन्नीने फोडत होता. डोंगरातला माणूस, सगळे त्याला वडीलभावासारखे दा मोहा म्हणत. तुरिया बोलत होती तोवर त्याची छिन्नी चालूच होती. मग थांबली.

"मेंढ्याला काय सांगू? थांब म्हणून?"

"दा मोहा..."

"थट्टा करतोय, इंजिनियरबाई. माझी आई वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघते, एवढंच." त्याने छिन्नी पिंपाच्या काठावर ठेवली. "हाजनी ठरवलं हे?"

"नाही. माझी चूक झाली. तारीख बघितली नाही मी."

मोहाने वळून तिच्याकडे पाहिले. ती मान खाली घालणार होती, पण घातली नाही.

"आणि नाही म्हटलं तर मार्चमध्ये यार्ड बंद?" त्याने विचारले.

"हो."

"मग विचारताय काय?" तो म्हणाला. त्याने हात पुसले, शिट्टी वाजवली आणि माणसांना गोळा केले. तो अमाझिगमध्ये बोलला. तिला ती भाषा येत नव्हती. बोलणे फार थोडे होते. कुणीतरी आनंदाने ओरडले आणि मग सगळेच ओरडले. एकाने टोपी हवेत उडवली. ते तिच्याकडे आले, एकामागून एक. तिचा हात हातात घेऊन मग स्वतःच्या छातीवर ठेवू लागले. एका म्हाताऱ्याने मोडक्या अरबीत तिच्या आईवडिलांसाठी दुवा मागितली.

"ईदचं काय म्हणाले?" हात सोडवून घेत तिने मोहाला विचारले.

"ते मी सांगितलं नाही. पूल मिळाला, यार्ड वाचलं, एवढंच सांगितलं."

"मग कधी सांगणार?"

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. ऑगस्टमध्ये, पुलावर येऊन." त्याने छिन्नी उचलली. "हात द्या तिकडे. लोक थांबलेत."

रांग अजून बरीच होती. तुरियाने पुढच्या माणसाला हात दिला.