वेल्माच्या डाव्या हातातली दोन वर्षं

मित्रांनो, मी डाव्या हातात घालायचा बेसबॉलचा ग्लोव्ह आहे. गाईच्या जाड कातड्याचा, आता बराच जुना. माझी गोष्ट सांगायला बसलो खरा, पण आधीच कबूल करतो, ती मला स्वतःलाच नीट उमगलेली नाही.

नेब्रास्कातल्या एका लहान गावात योसेफ ड्राबेक खोगिरं शिवायचा. उरलेल्या कातड्यातून त्याने मला शिवलं, ते स्वतःसाठी. रविवारी चर्च सुटलं की तो गावच्या संघातून खेळायचा. पण त्याची धाकटी मुलगी वेल्मा मला सारखी पळवायची.

“पपा, तुमच्या हातून चेंडू निसटतो, माझ्या हातून नाही. मग हा कुणाचा?” एकदा तिने विचारलंच.

“ग्लोव्ह माझा. हात मात्र तुझा चांगला आहे,” योसेफ म्हणाला आणि मला तिच्याकडे फेकून दिलं. “तेल लावत जा त्याला.”

१९४७ साली वेल्मा विस्कॉन्सिनमधल्या रॉकबी गावच्या संघात गेली. तेव्हा बायकांचे पगारी संघ होते, लोक तिकीट काढून सामने बघायला यायचे. वेल्मा मैदानाच्या डाव्या टोकाला उभी राहायची. उंच उडालेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी गाठायचा, हे तिचं काम. ती धावायची आणि चेंडू माझ्यात येऊन बसायचा. एवढंच मला कळायचं.

बाकी पुष्कळ गोष्टी कळत नव्हत्या. मुलींनी आखूड झगे घालूनच खेळायचं असा नियम होता. घसरून पडलं की मांड्या सोलून निघायच्या. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मिसेस ट्विचेल सामन्याआधी प्रत्येकीचं तोंड तपासायच्या.

“ड्राबेक, लिपस्टिक कुठेय?”

“चेंडूला माझे ओठ दिसत नाहीत हो, मॅडम!”

“चेंडूला नाही, पण लोकांना दिसतात. लाव.”

वेल्मा लावायची आणि पहिल्याच धावेत बाहीला पुसायची.

दुसऱ्या वर्षी चेंडूच लहान झाला. का, ते कुणी सांगितलं नाही. माझा खळगा जुन्या मोठ्या चेंडूच्या मापाने तयार झालेला, त्यात हा नवा चेंडू इकडेतिकडे हलायचा. वेल्माने मग नवा चेंडू माझ्यात दाबून वर पट्टा आवळला आणि मला आठवडाभर गादीखाली ठेवलं. मी नव्याने शिकलो. त्या उन्हाळ्यात तिने इतके झेल घेतले, की सामना संपल्यावर शाळेतल्या मुली कुंपणापाशी थांबून “ग्लोव्हला हात लावू द्या” म्हणायच्या. कातडं असून मला लाजल्यासारखं व्हायचं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी एक चेंडू वेल्मा आणि हॅटी लोव्हेल यांच्या बरोबर मध्ये उडाला. हॅटी मैदानाच्या मधल्या भागात उभी राहायची, आणि दोघी राहायच्याही एकाच खोलीत. जिला चेंडू घ्यायचा तिने “माझा!” असं ओरडायचं, अशी रीत होती. कुणीतरी ओरडलं. दोघीही धावत राहिल्या. हॅटीचं कपाळ वेल्माच्या कानशिलावर आदळलं आणि दोघी गवतात कोसळल्या. चेंडू माझ्यातच होता. वेल्माने पडल्यापडल्या मला वर उचललं, तेव्हा सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

“मी झेलला का?” वेल्माने विचारलं.

“हो गं, झेललास,” हॅटी म्हणाली. “तिसऱ्यांदा सांगतेय.”

त्यानंतर सगळं बिनसलं. चेंडू माझ्या खळग्यात येईना. कधी कडेला लागायचा, कधी बोटांच्या टोकाला. वेल्मा मला दिवसातून दोनदा तेल लावू लागली. माझ्या वाद्या उसवून तिने पुन्हा ओवल्या.

“तूच बिघडलायस,” ती मला म्हणायची. मला ते खरं वाटलं.

संघाचे प्रशिक्षक लुंडक्विस्ट म्हणाले, “ड्राबेक, ग्लोव्ह बदलून बघ.” तिने दुसरा कोरा ग्लोव्ह घातला. त्यातूनही चेंडू सुटले. मला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. माझा दोष नव्हता, तर मग कुणाचा होता?

एका सकाळी मी खोलीतल्या खुर्चीवर होतो. वेल्मा कॉफी ओतत होती.

“कप इकडे आहे,” हॅटी म्हणाली.

“दिसतोय मला.”

“मग टेबलावर का ओततेयस?”

वेल्माने किटली खाली ठेवली. “दोन दिसतात,” ती हळूच म्हणाली. “कप दोन, चेंडूही दोन. हॅटी, कुणाला सांगू नकोस. नऊच सामने उरलेत. आत्ता मला बाहेर काढलं तर परत घेणार नाहीत.”

“आणि चेंडू तोंडावर आला तर?”

“माझं तोंड आहे. तुझं काय जातंय?”

हॅटीने दुसऱ्या दिवशी लुंडक्विस्टना सांगितलं. डॉक्टर आले. डोक्याला मार बसलाय, खेळणं बंद, असं त्यांनी सांगितलं. वेल्माने पेटी भरली. निघताना तिने मला हॅटीच्या अंगावर फेकलं.

“घे. माझं खेळणं घेतलंस, आता हाही घे.”

अशी वेल्माची कारकीर्द दोन उन्हाळ्यांतच संपली. हॅटीने माझ्यात कधी हात घातला नाही. तेल मात्र दर महिन्याला लावलं. ती माझी मैत्रीण होती की वैरीण, हेही मला ठरवता येईना.

सहा वर्षांनी बायकांचे ते संघच बंद पडले. मग हॅटी मला घेऊन बसने नेब्रास्काला आली. योसेफच्या दुकानात वेल्मा खोगीर शिवत होती. सुईत दोरा तिने एका झटक्यात ओवला. हॅटीने मला टेबलावर ठेवलं.

“डोळे?” हॅटीने विचारलं.

“सुधारले. वर्ष गेलं त्यात.” वेल्माने माझ्यावरून अंगठा फिरवला. “मऊ ठेवलायस.” मग मान वर न करता म्हणाली, “परतीची बस कितीची?”

“पाचची.”

“चुकव ती. पपा डुकराचं मांस आणि कोबी शिजवतायत, तिघांना पुरेल.”

मित्रांनो, मी आता त्या दुकानाच्या खिडकीत असतो. वेल्माचा की हॅटीचा, कुणी सांगितलं नाही. हॅटीने बरोबर केलं का, यावर मी अजून विचार करतो आणि दर वेळी गोंधळतो. तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याबरोबर खेळणाऱ्या कुणाला लागलं असेल आणि तो “काही नाही, काही नाही” म्हणत असेल, तर मोठ्या माणसांना सांगा. तो चिडेल. तुमच्याशी बोलणं टाकेल, कदाचित कित्येक वर्षं टाकेल. तरी सांगा.