पायगाडीच्या पोटातली गंगा

सुभद्राआत्यांनी पायगाडीला अभिषेक केला आणि पायगाडीनं तो पिऊन टाकला. थेंबसुद्धा खाली पडू दिला नाही.

दिवस खांडेनवमीचा. फणसवाडीतल्या चाळीत ज्याच्या त्याच्या दारी हत्यारांची पूजा मांडलेली. कुठं रंधा-पटाशी, कुठं शिंप्याची कातर, कुठं नुसती विळी. आत्यांच्या घरी यंदा पुजायला पायगाडी, म्हणजे बायसिकल होती. त्यांचा भाचा गंगाधर माझगावच्या गोदीत कारकून. काम सुटलं की तो लालबागेत कीर्तनाला झांज धरायला जायचा, आणि चालत पोचेपर्यंत बुवांचा पूर्वरंग संपून गेलेला असायचा. म्हणून त्यानं आपल्या साहेबाची जुनी बायसिकल घेतली. आता पूर्वरंग मिळायचा. पण वाटेत पडून गुडघे फुटायचे. आईमागं त्याला आत्यांनीच वाढवलेला. त्याच्या गुडघ्याला हळद लावताना त्यांचा जीव अर्धा व्हायचा.

म्हणून अभिषेक.

पूजेला बसणार तोच गंगाधरची बायको दमयंती म्हणाली, "आत्याबाई, ही बैठक चामड्याची आहे हो. देवापुढं चालेल?"

"अगं बाई! काढ रे ती, गंगाधरा, आधी काढ."

गंगाधरनं पाना लावून बैठक दांड्यासकट उपसली, बाहेर कठड्यावर टांगली आणि झेंडू आणायला खाली उतरला. दमयंती गंध उगाळायला आत गेली. आत्या एकट्या उरल्या, आणि समोर पायगाडीच्या अंगात एक गोल भोक 'आ' करून राहिलं.

हेच हिचं तोंड, आत्यांनी ठरवलं. तांब्याचं पाणी चाकांवर ओतायला त्यांनी हात उचलला, आणि मनात आलं, पोराच्या जिवाचा प्रश्न, नळाचं पाणी कसं पुरं पडायचं? देव्हाऱ्यामागं गंगेचा गडू होता. काशीहून त्यांनी स्वतः आणलेला, लाखेनं तोंड बंद केलेला. शेवटच्या घटकेला तोंडात घालायची गंगा. वाराणसीच्या घाटावर उभं राहून त्यांनी गंगेला सांगून ठेवलं होतं, मी मुंबईत मरेन, पण तोंडात तुझं पाणी असेल. तेवढ्यावर त्या निर्धास्त होत्या.

त्यातली एक पळीभर, एवढंच. निरांजनावर लाख मऊ केली, गडू भोकावर धरला, जरासा कलता केला. लाखेचा गोळा एकदम सुटला आणि गंगामाई गटागटा आत निघून गेली. आत्यांनी घाईघाईनं ताम्हन खाली धरलं. आता येईल, मग येईल. काही नाही.

"पाणी कुठं गेलं?" गंध घेऊन आलेल्या दमयंतीनं विचारलं.

"प्यायली," आत्या म्हणाल्या. त्यांना दुसरं काय सुचणार?

झालं! पायगाडीनं अभिषेक प्यायल्याची वार्ता मजलाभर पसरली. बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. एकीनं तर दुधाची वाटी पुढं केली. ती मात्र दमयंतीनं चहाला ठेवून घेतली. गंगाधर हसून म्हणाला, "आत्या, तांब्या कलंडला असेल तुझा," आणि त्यानं बैठक परत बसवली. गंगेचं नाव आत्यांनी कुणापाशी काढलं नाही. रिकामा गडू देव्हाऱ्यामागं जाऊन बसला. पण रात्री जपाला बसल्या तेव्हा नजर सारखी तिकडंच जात राहिली.

दुसऱ्या दिवशी दसरा. गिरण्या बंद, म्हणून लालबागेचा धर्मा दुपारीच आला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारा हा मालवणकडचा गडी कीर्तनात मृदंग वाजवी. संध्याकाळी त्याच्याच चाळीत कीर्तन होतं, आणि आख्यान होतं गंगावतरणाचं.

"चल रे, बुवा वाट बघतत," म्हणत त्यानं खाली न्यायला बायसिकल खांद्यावर घेतली, आणि तिथंच थबकला. परत हलवली.

गुडगुड. गुडगुड.

"आत्याबाय गो! हिच्या पोटात पाणी झालाय!"

गंगाधरनं कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "आतून गंजणार ही. एक दिवस भायखळ्याच्या पुलावर दोन तुकडे होऊन पडेन मी. धर, धर्मा, मोरीत उलटी कर."

"मोरीत नाही!"

आत्या इतक्या जोरात ओरडल्या, की शेजारची दारं उघडली. त्या मोरीच्या तोंडाशी हात पसरून उभ्या राहिल्या.

"अगं आत्या, पाणी आहे ते."

"गंगा आहे ती!" आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं. लाख, पळी, काशीचा घाट. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडात पडायची होती रे ती. मोरीत सोडलीस तर मी कुठल्या तोंडानं वर जाऊ?"

मग दमयंतीनं पदर खोचला, पितळेची परात घासून आणली आणि म्हणाली, "बघत काय राहिलात? एक थेंब बाहेर जाता कामा नये."

बैठक निघाली. दोघांनी बायसिकल उलटी धरली. भळ्ळकन पाणी आलं परातीत, आणि थांबलं. गडूच्या मानानं निम्मंसुद्धा नाही.

धर्मानं मृदंगाची शाई तपासावी तशी बोटानं नळी नळी वाजवून पाहिली. उभी नळी टणटण बोलली. आडवी बोलली थप्प. "हय आसा बघ. उलटी केली तशी बाजूच्या बारीक भोकातून आडवीत शिरली."

मग जे सुरू झालं ते बघायला सगळा मजला जमला. उजवीकडं झुकव, डावीकडं झुकव, हिसका दे, पाठीत थोपट. गंगाधर घामानं निथळला. धर्माच्या कपाळाला पॅडल लागून टेंगूळ आलं. आत गुडगुड तेवढीच, बाहेर टिपूस नाही.

"कीर्तन जाणार आज," गंगाधर हताश होऊन म्हणाला. "लोहाराकडून तळाशी भोक पाडून घेऊ, दुसरा इलाज नाही."

कालच पुजलेल्या अंगाला भोक! आत्या परातीपाशी बसून त्या आडव्या नळीकडं बघत होत्या. एवढीशी जागा, आणि त्यात गंगा अडकून बसलेली. हे आपण कुठं तरी ऐकलंय, असं त्यांना वाटलं, आणि मग हसूच आलं. ऐकलंय कसलं, आज संध्याकाळी ऐकायला जायचंय!

"थांबा रे दोघं," त्या म्हणाल्या. "शंकराच्या जटेत गंगा अडकली, तेव्हा भगीरथानं काय केलं? शंकराला धरून गदागदा हलवलं?"

"नाय," धर्मा म्हणाला. "हात जोडून उभो रवलो."

"मग तसे उभे राहा. आहे अशीच उलटी ठेवा, पुढचं चाक आणखी उंच करा, आणि हलवू नका. तिला यायचं तेव्हा येईल."

दोघांनी तसं धरलं. जरा वेळ काहीच नाही. मग नळीतून एक बुडबुडा चढल्याचा आवाज आला, आणि परातीत थेंब पडला. टप्. मागोमाग दुसरा. हिसके बसत होते तोवर बारीक भोकापाशी पाणी आणि हवा एकमेकांची वाट अडवून बसली होती. आता दोघांना रस्ता सापडला.

धर्मानं थेंबांच्या तालावर जीभ टाळूला लावून बोल म्हणायला सुरुवात केली. गंगाधरचे हात गुंतलेले, म्हणून झांज दमयंतीनं घेतली. तीही बरी वाजवते, हे गंगाधरला त्या दिवशी कळलं. आत्यांनी विठ्ठलाचं नाम धरलं. सारा मजला मागून म्हणू लागला. थेंबांची धार झाली, धारेचे पुन्हा थेंब झाले, आणि धर्मानं वाजवली तेव्हा आडवी नळी टणटण बोलली.

परातीत गंगा जमली होती. रंगानं फिक्या चहासारखी, आणि वर तेलाचे इंद्रधनुष्यी डोळे. सगळे आत्यांकडं पाहू लागले.

"हे... तोंडात घालायचं?" दमयंतीनं हळूच विचारलं.

आत्यांनी धुतलेल्या वस्त्राची चार पदरी घडी केली, पाणी दोनदा गाळलं. तेल बरंचसं वस्त्रावर राहिलं. "एवढ्या जगाची पापं पोटात घालते ती. थोडं तेल तिला काय जड आहे?" असं म्हणून त्यांनी एक पळी तळहातावर घेतली.

"आत्या, ती शेवटच्या..."

"अभिषेक झाला की तीर्थ होतं रे. तीर्थ का मरेपर्यंत ठेवायचं?" त्यांनी डोळे मिटून घेतलं, जिभेवर घोळवलं. "लोखंडाची चव आहे जराशी. वैद्य लोहभस्म देतोच की मला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बरं झालं. शेवटच्या घटकेला चव कुठं कळणार होती?"

बाकीची गंगा त्यांनी गडूत भरली. गळ्यापर्यंत नाही, पण पुरेशी. गंगाधरनं लाख लावली, आणि लावताना त्यानं मान वर केली नाही.

बायसिकल त्या दिवशी चाळीतच राहिली. उलटी, बैठकीविना, उन्हात सुकायला. चौघं ट्रामनं लालबागेला निघाली. पूर्वरंग चुकलाच. पण बुवा जटेपाशी आले आणि हात उंचावून थांबले, तेव्हा मृदंगावर धर्मानं दोन बोटांनी वाजवलं, टप्... टप्... आणि बायकांत बसलेल्या आत्या सगळ्यांच्या आधी हसल्या.

बुवांना वाटलं, आज रंग चांगला भरला.