पहिला चमचा

आमचे मालक यडलपल्ली कोटय्यागारू एका खोलीत खोकल्याचं औषध उकळत मोठे झाले. आता हैदराबादजवळ जीडिमेटल्यात आमचा एवढा कारखाना, पण रीत जुनीच: नव्या बॅचचा पहिला चमचा मालकांनी सगळ्यांसमोर प्यायचा, मगच बाटल्या बाहेर. पॅकिंगच्या बायका तेव्हा गात,

"पहिला गं चमचा, मालकाच्या ओठा
मग देशोदेशी, लेकरांच्या पोटा."

देणगीचीही रीत होती. निवडणूक आली की दोन्ही पक्षांना सारखी रक्कम, सोबत आत्रेयपुरमची मिठाई, पूतरेकुलू. "देवळात दोन मूर्ती असल्या तर एकीलाच हार घालतात का?" असं मालक म्हणत.

यंदाची बॅच माझ्या तपासणीत नापास झाली. मी इथला केमिस्ट.

"पाकात विष उतरलंय, सार. लेकरं मरतील."

"वरून, सरकारी प्रयोगशाळेतून तपासून घेऊ," मालक म्हणाले.

त्या आठवड्यात सत्तेतल्या पक्षाला दुप्पट देणगी गेली. दुसऱ्या पक्षाला नुसते पूतरेकुलू. आठ दिवसांत वरचा अहवाल आला: औषध उत्तम.

"तुझं यंत्र जुनं झालंय, सोमयाजुलू."

"मागच्याच महिन्यात आलंय, सार."

"मग लहान आहे. शिकेल."

माल निघायच्या दिवशी पक्षाचे नेते आले. मल्लम्मानं, बावीस वर्षं चमचा भरणाऱ्या बाईनं, चांदीचा चमचा भरून आणला.

"आज पाहुण्यांचा मान," मालक म्हणाले.

"मला खोकला नाही," नेते म्हणाले.

"आमच्या मालकांना तरी कुठं असतो, अय्या? रीत आहे," मल्लम्मा म्हणाली.

"आज शनिवार. माझा उपवास." थोड्या वेळापूर्वी त्यांनी मुगाचे तीन डोसे, पेसरट्टू, खाल्ले होते.

चमचा मालकांकडे वळला. बायकांनी गाणं धरलं, ते पहिल्या ओळीवरच थांबलं. मालक चमच्याकडे बघत राहिले.

"मल्लम्मा, नातू केवढा झाला तुझा?"

"दोन वर्षांचा. रात्रंदिवस खोकतोय. तुमचं झालं की एक बाटली मागणार होते."

मालकांनी चमचा बाटलीत परत ओतला.

"सोमयाजुलू, सगळी बॅच जाळून टाक."

"अहो, पण अहवाल उत्तम आहे!" नेते म्हणाले.

"असू दे."

नेते गेल्यावर मी विचारलं, "आणि देणगी, सार?"

"देवळाच्या हुंडीत टाकलेलं परत मागतात का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या पक्षालाही तेवढीच दुप्पट देणगी पाठवली. कशाबद्दल, ते तिथं कुणी विचारलं नाही.

मल्लम्मानं चमचा धुतला, पदराला पुसला, उजेडात धरून पाहिला, आणि पुन्हा धुतला.