मुदखेडच्या पिराजीची दुरुस्ती

या पिराजीच्या मनात आहे तरी काय, हाच घोर सादला लागला होता.

साद लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. जमीन हलली की भोंगा वाजवणारं मोबाइल ॲप त्यानं लिहिलं होतं, आणि ते अर्धंकच्चं असतानाच इंटरनेटवर सगळ्यांना खुलं केलं होतं. कुणीही वाचा, कुणीही सुधारा! म्हणायला काय जातंय? मुदखेडच्या कुणा पिराजीनं खरंच दुरुस्ती पाठवली, तेव्हा साद चपापला.

‘आमच्याकडं मालगाडी गेली की तुमचा भोंगा वाजतो,’ पिराजीनं लिहिलं होतं. ‘दोन-तीन गावांतले फोन एकदम हलले तरच वाजवा.’

फुकटात कोण कुणासाठी राबतं? सादनं त्याच्या कोडची ओळन् ओळ उलटीपालटी करून पाहिली. खोट काही सापडेना, तसा संशय आणखीच वाढला. नांदेडच्या एखाद्या क्लासवाल्याचा माणूस असणार. उद्या म्हणेल, ॲप माझंच. ‘आमच्या गल्लीतून मालगाडी जात न्हाई,’ असं तुसड्यासारखं लिहून त्यानं दुरुस्ती नाकारली.

ॲपच्या चाचणीसाठी सादची सगळी भिस्त लातुरातल्या मुलींच्या एका होस्टेलवर होती. तिथं त्यानं आपले फोन भिंतींवर लावले होते. एकदा भोंगा खोटा वाजला होता. पुन्हा वाजला तर फोन परत न्यायचे, असं रेक्टर सिंधुबाईंनी बजावलं होतं.

सोमवारी शेजारच्या डाळमिलमध्ये नवं मशीन सुरू झालं आणि भोंगा वाजला. मुली जिन्यावरून पळत सुटल्या, एकीचा पाय मोडला. संध्याकाळी सिंधुबाई सगळे फोन पिशवीत घालून घरी देऊन गेल्या.

“अम्मी, त्या पिराजीनंच काहीतरी केलं असणार,” साद म्हणाला.

“त्यानं दिलेलं तू घेतलंच न्हाईस. मग केलं कसं?” हाजराबी म्हणाली. त्र्याण्णवच्या भूकंपात ती औशाकडच्या माहेरी दिवसभर ढिगाऱ्याखाली होती. “मला ज्यांनी वर काढलं, ते कुठले होते, आजवर ठाव न्हाई. कुठले तुम्ही, कशाला आलात, असं मी आतून इचारत बसले असते, तर तू झाला असतास का बेटा?”

सादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मुकाट्यानं पिराजीची दुरुस्ती घेतली. तरी राहवेना, म्हणून लिहिलंच, ‘तुम्ही हे कशासाठी करायलात?’

लगेच उत्तर आलं.

‘आधी भोंगा वाजला की माझी माय अंगणात पळायची. आता वाजला तरी मालगाडीच असंल म्हणून जागची उठत न्हाई.’