गंधकाची शेपटी

आमच्या म्युन्स्टरच्या प्रयोगशाळेत वीब्केला जेवायला अख्खं टेबल एकटीला मिळायचं. कारण एकच, तिचं औषध. रक्तदाब उतरवणाऱ्या त्या रेणूच्या शेपटीला गंधक होतं आणि त्याचा असा वास मारायचा, की सडका लसूण त्यापुढे अत्तर वाटावा. तो तिच्या केसांत, कपड्यांत मुरायचा; घरी तिच्या मित्राने तर आपली गादी उचलून बाल्कनीत नेली होती.

"गंधक छाटून टाक," ओल्टमान्स सरांनी फर्मान सोडलं. "तिथे ऑक्सिजन लाव. आवर्तसारणीत वर-खाली राहणारे शेजारीच ते. काय फरक पडतो?"

"सर, ते काही शोभेला लावलेलं नाहीये," वीब्के म्हणाली. "रक्तदाब चढवणारं जे विकर आपल्याला बंद पाडायचंय, त्याच्या पोटात जस्त आहे. गंधक त्या जस्ताला घट्ट धरून ठेवतं. ऑक्सिजन नुसता धरल्यासारखं करतो."

"शुक्रवारी कंपनीची माणसं येतायत. नाकाला रुमाल लावून कोण पैसे देणार? आणि पैसे नाहीत, तर तुझी जागाही नाही."

झालं. बिचारीने ऑक्सिजन लावला. वास गायब! आमच्याकडे ज्याचा आनंद, केक त्यानेच आणायचा. त्यामुळे सर स्वतः केक भाजून घेऊन आले. केक चांगला झाला होता, याचा मला जास्तच राग आला.

शुक्रवारी पाहुण्यांसमोर चाचणी लावली. औषध पडलं तरी विकर ढिम्म; आपलं काम मजेत करत राहिलं. सरांचं तोंड एवढंसं झालं. कंपनीच्या टेरहोर्स्टबाई पर्स आवरायला लागल्या.

वीब्के उठली, गच्चीवरच्या कपाटातली जुनी, गंधकवाली कुपी घेऊन आली आणि तिने झाकण उघडलं. एक पाहुणा खिडकीकडे धावला.

"अगं, बंद कर ते!" सर ओरडले.

"नाक धरा आणि बघा, सर."

तिने चाचणीत थेंब टाकला, तशी विकराचं काम दाखवणारी पडद्यावरची रेघ घसरत घसरत तळाला गेली आणि तिथेच आडवी झाली. विकर गार.

"हेच हवं. शेपटीसकट," टेरहोर्स्टबाई रुमालाआडून म्हणाल्या.

वीब्केला रडूच फुटलं. सगळे टाळ्या वाजवत होते, पण दारापाशी उभं राहून. तिच्याजवळ जायची एकाचीही छाती होईना. मला चीड आली. सरळ पुढे गेलो आणि तिला घट्ट मिठी मारली. अंगातला कोट नवा होता. गेला.