आठ टक्के

सोनाळ्याला किसनरावांच्या नव्या विहिरीच्या ढिगावर वेगळे दगड एकतीस होते; बाकी सगळा नेहमीचा काळा पाषाण. एकतिसांपैकी अकरांत नखाएवढा तांबूस अभ्रक, सहांत पांढरे गोल दाणे, चौदा सडून ठिसूळ.

त्यांतल्या एकाचे पृथक्करण मी नागपूरला दोनदा केले होते. सोडा आणि पोटॅश मोजायला चार दिवस जातात, आणि वऱ्हाडातल्या दगडात ते असतातच किती. म्हणून दोन्ही मिळून तीन टक्के धरून टाकायचे, अशी आमच्या प्रयोगशाळेची चाल. तशी सगळ्या घटकांची बेरीज दोन्ही वेळा शंभराऐवजी ९१.६० आली.

"आठ टक्के सांडणाऱ्याला डेमॉन्स्ट्रेटर कसा करू?" प्रयोगशाळेचे सर म्हणाले. "सोमवारपर्यंत जुळवा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला."

मी काही सांडले नव्हते. म्हणून नवा नमुना घ्यायला आलो होतो.

"मास्तर, पुन्हा दगडच नेऊन राह्यले? घर बांधता का नागपुरात?" किसनरावांच्या आई, सोजराबाई, मिरच्या तोडता तोडता म्हणाल्या.

"आठ टक्के हरवलेत, मावशी."

"मंग जिथं हरवले तिथं हुडका. इथं कायले?"

त्या उभ्या होत्या तो पट्टा पाच हात रुंद होता आणि विहिरीपासून थेट सातपुड्याकडे गेला होता. त्यातल्या मिरच्या शेजारच्यांपेक्षा वीतभर उंच होत्या.

"या पट्ट्यासाठीच माहे तिघं पोरं भांडले. मंग वावर आडवं वाटलं, सगळ्याईले याचा तुकडा आला."

"मिरची इथंच का वाढते?" मी विचारले.

"ते तुमी सांगा, शिकले तुमी. बाकी वावरात चुलीतली राख टाकतो, तवा कुठं मिरची धरते. इथं टाकली काय, नाही टाकली काय."

राखेत असतो पोटॅश.

दगडातला पोटॅश सुटावा म्हणून मी तिथेच ठिसूळ दगडाची पूड जिप्समात कालवली आणि तारेच्या टोकाने स्पिरिटच्या दिव्यात धरली. सोड्याने ज्योत पिवळी झाली. निळी काच डोळ्यांपुढे धरली तसा पिवळा रंग गेला आणि उरली पोटॅशची स्वच्छ जांभळी ज्योत. मी एवढी गडद कधी पाहिली नव्हती. जो पोटॅश आपण झाडे जाळून मिळवतो, तो झाडांना मिळण्याआधी इथे होता. कितीतरी मैल खोलीवरून वितळलेल्या दगडातून, पाच हातांच्या फटीतून वर आलेला.

सोजराबाईंनी काच मागून घेतली. ती डोळ्याला लावून त्यांनी ज्योतीकडे पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "हे आमच्या वावरात होतं?"

नागपूरला सोडा आणि पोटॅश मोजायला चार दिवस लागले. शेवटचे वजन रविवारी संध्याकाळी केले. पोटॅश ९.८४, सोडा १.२१. बेरीज ९९.६५.